द्रोणागिरीवरून दिसलेलं माहेर

बाई,

काल मी उरणला जाऊन आले. सातवीच्या मुलींना घेऊन गेले होते, एसटीनं. गव्हाणच्या पुढं मिठागरं लागली तशा सगळ्या मुली एका बाजूच्या खिडक्यांना चिकटल्या आणि कंडक्टर ओरडला, "ओ बाई, गाडी कलंडेल, सांगा त्यांना." मी सांगितलं. पण माझंही लक्ष बाहेरच होतं. मिठाचे पांढरे ढीग, मधूनच एखादा बगळा, आणि लांब पाण्याची रेघ. त्या रेघेच्या पलीकडून आपण गेलो होतो, शिडाच्या मचव्यातून. आता कुणी मचव्यानं जात नाही. पनवेलच्या बंदरात गाळ भरलाय, होड्या येतात त्या रेतीच्या. माझ्या वर्गातल्या मुलींना पनवेलला बंदर आहे हे सांगावं लागतं.

तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. तुमचं तेव्हाचं वय मी कधीच ओलांडलं. वर्गात तुम्ही आम्हाला म्हाताऱ्या वाटायचात. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, हातात छत्री. आज हिशेब केला तर तुम्ही जेमतेम पस्तिशीच्या असाल. मला हे काल बसमध्ये सुचलं आणि फार विचित्र वाटलं. जिला आपण घाबरत होतो ती बाई आपल्यापेक्षा लहान होती.

मी शेवटच्या ओळीत बसायची. कुणी बसवलं नव्हतं मला तिथं, पण आई सकाळी बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची आणि मी तिला पाटी उतरवून देऊन शाळेत यायची, तेव्हा अंगाला वास असायचा. पुढच्या मुली पदर नाकाशी न्यायच्या. मीच मागं गेले. स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं, शाळेत झेंडावंदनं आणि भाषणं चालू होती, आणि एके दिवशी तुम्ही इतिहासाचं पुस्तक मिटून म्हणालात, "पोर्तुगीज, पोर्तुगीज असं नुसतं पाठ करताय. त्यांचं देऊळ इथून एका ओहोटीच्या अंतरावर पडलंय. आपण बघून येऊ." देऊळ म्हणालात तुम्ही, चर्च नाही. मला तो शब्द अजून आठवतो, कारण मग ते कुणीतरी आपल्यासारख्याच माणसांनी बांधलं असेल असं वाटलं.

मुलींना पाण्यावरून न्यायचं म्हटल्यावर गावात चर्चा झाली. शाळेच्या कमिटीनं अट घातली की आणखी एक मोठी बाई सोबत हवी. तुम्ही घरोघर फिरलात. कुणाच्या घरी सोवळं, कुणाकडे लहान मूल, कुणाला पाण्याची भीती. शेवटी तुम्ही आमच्या दारात आलात.

ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढं आहे. आमची खोली म्हणजेच स्वयंपाकघर. आई चुलीपुढं तांदळाची भाकरी थापतेय, बाजूला परातीत साफ केलेले बोयी मासे, आणि धुरानं माझे डोळे चुरचुरतायत. दारात सावली पडली म्हणून वर बघते तर तुम्ही. मी इतकी घाबरले की उठून उभी राहिले आणि "नमस्ते बाई" असं वर्गात म्हणतात तसं मोठ्यानं म्हणाले. आईचे दोन्ही हात पिठानं भरलेले. तुम्ही आत आलात, पाट दिला त्यावर बसलात, आणि एक क्षणभर परातीकडे बघून नजर दुसरीकडे वळवलीत. आईनं ते पाहिलं आणि परात मागं सरकवली.

"मुलींना उरणला नेतेय," तुम्ही म्हणालात. "मोऱ्याच्या बंदरात उतरायचं, द्रोणागिरीचा गड चढायचा, संध्याकाळी परत. सोबतीला याल का?"

आईचा हात भाकरीवरच थांबला. "उरनला? नाय बाय. दुसरी कुनी बगा."

"दुसरी मिळाली असती तर तुमच्याकडे आले नसते."

मला वाटलं आता आई चिडेल. ती हसली. मला वाटतं त्या दिवसापासून तिला तुम्ही आवडायला लागलात. घरी आलेल्या माणसाला काय द्यावं हे तिला सुचेना, कारण आमच्याकडचं पाणी तुम्ही घ्याल की नाही हे विचारायचं कसं? मग तिनं कोपऱ्यातला एक नारळ तुमच्या हातात दिला, न फोडलेला. तुम्ही तो घेतलात. नारळ सगळ्यांच्या हातचा चालतो.

उरणशी आमचं काय नातं आहे हे मला नीट माहीत नव्हतं. एवढंच माहीत होतं की दिवाळीत इतर मुली मामाकडे जातात आणि मी जात नाही. विचारलं की आई म्हणायची, "आपल्याला नाय कोन." पुढं मला कळलं ते असं: आईचं माहेर उरणजवळच्या करंज्याच्या कोळीवाड्यातलं, द्रोणागिरीच्या पायथ्याशी. तिचे वडील ज्या होडीवर काम करायचे त्या होडीच्या मालकाच्या पुतण्याशी तिचं ठरलं होतं. त्याच सुमारास माझे वडील, मालाच्या मचव्यावरचे खलाशी, मीठ भरायला त्या बाजूला यायचे. आई त्यांच्याबरोबर पनवेलला निघून आली. मालकानं तिच्या वडलांना होडीवरून उतरवलं. ते मग दुसऱ्यांची जाळी शिवत बसायचे. तिचा भाऊ तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला. सगळं घर त्याच्या अंगावर पडलं. तिचे वडील वारले ते तिला कितीतरी महिन्यांनी, बाजारात, मोऱ्याहून मासळी घेऊन आलेल्या बाईकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मला वेणी घालताना ती म्हणाली, "सांग तुज्या बायला, मी येताव." पोटात बाळ होतं तिच्या, दिवस नुकते गेलेले. त्याआधीचं एक पोटातच गेलं होतं. आता मला वाटतं, बाळंतपणाला माहेरचं माणूस नसलं की काय होतं हे तिनं एकदा बघितलं होतं. माझे वडील तेव्हा मुंबईला कौलं घेऊन गेले होते, त्यामुळं त्यांना विचारायचा प्रश्नच आला नाही.

पहाटे ओहोटीबरोबर मचवा निघाला. तुम्ही डोलकाठीला धरून बसलात आणि सुरुवातीला "डावीकडे बघा, ही खाडी पुढं ठाण्याच्या खाडीला मिळते" असं सांगत होतात. उघड्या पाण्याला लागल्यावर तुमचा आवाज बारीक होत गेला आणि मग बंदच झाला. चेहरा हिरवट पडला. मुली एकमेकींना कोपरं मारू लागल्या. आईनं कनवटीचं लिंबू काढून तुम्हाला हुंगायला दिलं आणि मुलींवर डोळे वटारले. तुम्ही तिच्याकडे न बघता लिंबू नाकाशी धरलंत. तुम्हाला कुणाच्या मदतीची सवय नव्हती.

मोऱ्याच्या धक्क्याला लागलो. दगडी पायऱ्यांवर शेवाळ, काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील, बर्फाच्या पेट्या, आरडाओरडा, मुंबईला जायची घाई. सगळ्या उतरल्या. आई उतरेना. डोक्यावरून पदर कपाळापर्यंत ओढून ती फळीवर बसून राहिली. "मी हिकरं बसताव. होडी राखताव."

तुम्ही वळलात. मळमळ उतरली होती आणि तुमचा नेहमीचा आवाज परत आला होता. "तुम्ही होडीच्या सोबतीला आलात की माझ्या मुलींच्या? होडी राखायला तो खलाशी आहे. उठा."

एवढ्या माणसांत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या आईला कुणी असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पण ती उठली, माझा खांदा धरून पायरीवर आली. तुम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं हे मी आज सांगू शकते. त्या वेळी मला तुमचा फार राग आला.

बैलगाड्या केल्या. उरणच्या बाजारातून, तळ्याच्या काठानं, मग भातखाचरांतून करंज्याच्या वाटेनं. गडाच्या चढावर तुम्ही पुढं, आई सगळ्यांच्या मागं. मधल्या टाक्यापाशी तुम्ही थांबून सांगितलंत की पाणी असलं तर गड, नाहीतर नुसता डोंगर. वरती ते पोर्तुगिजांचं देऊळ. छप्पर कधीचं पडलेलं, कमान तेवढी उभी, भिंतीतून पिंपळ आलेला. वर बघितलं की आकाश. तुम्ही कमानीखाली उभ्या राहून सांगत होतात, समुद्रावर कुणाची सत्ता होती, जकात कोण घ्यायचं, मराठ्यांनी हे कसं घेतलं. वाऱ्यानं तुमचे शब्द तुकड्यातुकड्यांनी येत होते. घारापुरीचं बेट, त्याच्यामागं मुंबई, नांगरलेली जहाजं खेळण्यांसारखी.

आई कड्याच्या बाजूला जाऊन उभी होती. मी रांग सोडून तिच्याकडे गेले. तिनं डोक्यावरचा पदर पाडला होता. खाली कोळीवाडा होता, एकाला एक लागलेली घरं, आणि पुढं चिखलात कलंडलेल्या होड्या.

"तो बग," ती म्हणाली. "आंब्याच्या मागं. नवीन नलं घातलीत, लाल दिसतात ना, तो. आमचा घर."

तिनं 'आमचा' म्हटलं. मी कौलं शोधली. खूप घरं होती. "कुठलं गं?" तिनं माझी हनुवटी धरून मान वळवली. मग मला दिसलं. अंगणात कुणीतरी पांढऱ्या केसांचं वाकून काहीतरी पसरत होतं. आईच्या घशातून आवाज आला तो मी पुन्हा कधी ऐकला नाही.

"रांग सोडून कुणी जायचं—" असं म्हणत तुम्ही आलात आणि आईचा चेहरा बघून वाक्य अर्धंच राहिलं. तुम्ही तिच्या नजरेच्या रोखानं खाली बघितलंत, आंब्यामागच्या लाल कौलांकडे, मग तिच्याकडे. "इथलंच का माहेर?" आईनं मान हलवली. "जाता?" तिनं नकाराची मान हलवली. परत जाऊन उरलेला इतिहास सांगितलात, पण फार लवकर आटोपलात.

उतरताना मुलींचं पाणी संपलं होतं. टाक्यातलं पिऊ नका म्हणून तुम्हीच सांगितलं होतं. गाड्या पायथ्याशी उभ्या होत्या आणि गावातली विहीर जवळच होती. तुम्ही विहिरीवर थांबला नाहीत. सगळी रांग घेऊन सरळ कोळीवाड्यात शिरलात, आंब्याला वळसा घातलात आणि नवीन कौलांच्या घरासमोर जाऊन म्हणालात, "आजी, मुलींना पाणी मिळेल का?"

आई रांगेच्या शेवटी, पुन्हा पदर ओढून. म्हातारी जवळा पसरत होती. कमरेत वाकलेलीच वर बघून म्हणाली, "मिलंल की बाय, पानी का नाय मिलंल." आत जाऊन कळशी आणि दोन पितळी लोटे घेऊन आली. मुली घुटमळल्या. काहींच्या घरी कोळ्यांच्या हातचं पाणी चालत नाही हे तुम्हाला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तुम्ही म्हणालात, "ज्यांना तहान लागली असेल त्यांनी प्या." बस्स. जोर केला नाहीत. पहिली प्याली ती किराणावाल्यांची मुलगी, तिला तहान सोसायची नाही म्हणून. मग बाकीच्या. माझी पाळी आली तेव्हा म्हातारीनं लोटा पुढं केला आणि हात तसाच ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू कुनाची गो?"

मी काही बोलायच्या आधी घरातून माणूस बाहेर आला. खांद्यावर जाळं, काळा, रुंद. त्यानं माझ्याकडे नाही, सरळ रांगेच्या शेवटाकडे बघितलं. पदरातून त्यानं कसं ओळखलं कोण जाणे. उभं राहण्यावरून असेल.

"पोरीनला द्या पानी," तो म्हणाला. "तिला नाय."

तुम्ही पुढं झालात. "ती माझ्याबरोबर आली आहे. मी आणलंय तिला. तिला पाणी नसेल तर माझ्या मुलीही पुढं पिणार नाहीत."

"तुमाला म्हाईत नाय बाय, हिनं काय केलाय."

"मला माहीत करून घ्यायचंही नाही."

"मंग नका मधी परू." त्याचा आवाज चढला. "शिकलेल्या मानसांना सोपा हाय बोलाला. बापाला होरीवरून उतरवला हिच्यापायी. जाली शिवून शिवून बोटा गेली त्याची. मरताना सारका दाराकरं बगायचा."

तेव्हा आईनं पदर काढला. "मना कलवला कुनी, दादूस? बाप मेला त बाजारात कलला मना. मासलीवाल्या बाईकरून."

"मानूस धारला व्हता मी. दुसऱ्याच दिशी. तुज्या नवऱ्यानं दारातनंच परत लावला त्याला."

हे आईला माहीत नव्हतं. मामालाही तिचा चेहरा बघून कळलं की तिला माहीत नव्हतं. तो तसाच उभा राहिला, जाळं खांद्यावरून घसरायला लागलं होतं तरी. म्हातारीनं माझ्या हातातला लोटा काढून घेतला, कळशीत बुडवला, आणि वाकत वाकत रांगेच्या टोकाशी गेली. "पी," ती आईला म्हणाली. "उनातून आयलीस." आई लोटा दोन्ही हातांनी धरून प्याली. पाणी हनुवटीवरून चोळीवर सांडत होतं. म्हातारी तिच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "कितवा?"

मामा आत गेला आणि अंगणात पुन्हा आला नाही. आपण निघालो, गाड्यांत बसलो, तेव्हा तो आला. हातात सुक्या बोंबलांची टोपली, वर पळसाची पानं बांधलेली. बहिणीकडे बघितलं नाही. टोपली तुमच्या पायाशी ठेवून म्हणाला, "पनवेलला द्या." आणि गेला. मचव्यात तळाशी पाणी साचलेलं होतं, टोपली भिजली असती, म्हणून ती मोऱ्यापासून पनवेलपर्यंत तुम्ही मांडीवर घेऊन बसलात. भरतीचं पाणी मागून ढकलत होतं. तुमचं तोंड पुन्हा हिरवं पडलं होतं आणि या वेळी लाटांमुळं की वासामुळं ते सांगता येत नव्हतं. आई "द्या मना" म्हणाली तर तुम्ही म्हणालात, "त्यांनी माझ्याकडे दिली आहे."

वडील मुंबईहून परतल्यावर आमच्या घरी काय झालं ते तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नाही. आई काही दिवस त्यांच्याशी बोललीच नाही. जेवण वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. शेवटी एकदा वडील तिच्यापुढं उभे राहून म्हणाले, "तू तवा अंथरुनावर व्हतीस. पोटातला गेलेला. डाक्तर बोलला व्हता हिला काय सांगू नको. मंग दिवस गेले. मंग कसा सांगू?" आई म्हणाली, "सांगाचा व्हता." यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. पण पावसाळा लागायच्या आत वडील स्वतः करंज्याला गेले, मामाच्या अंगणात काय बोलले देव जाणे, आणि आजीला घेऊन आले. आजी आमच्याकडे राहिली. माझ्या भावाचा जन्म तिच्या हातावर झाला. ती नसती तर घर सांभाळायला मीच राहिले असते आणि सातवीची परीक्षा काही मी दिली नसती. पुढचं सगळं, ट्रेनिंग कॉलेज, ही नोकरी, कालची सहल, सगळं त्यातून आलं.

आणि तुमचं काय झालं ते मला फार उशिरा समजलं. एका पालकानं तक्रार केली. कमिटीनं तुम्हाला बोलावून विचारलं, मुलींना कोळ्यांच्या घरचं पाणी पाजलं हे खरं का? आणि तुम्ही स्वतः प्यालात का? शाळेचा शिपाई दारात होता, त्यानं ऐकलेलं पुढं माझ्या वडलांना सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मुलींना तहान लागली होती." दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीत. पुन्हा विचारलं, तरी दिलं नाहीत. वर्ष संपताना तुमची बदली झाली, डोंगरापलीकडच्या एका गावी, जिथं शाळा म्हणजे देवळाची ओसरी होती.

मी आणि आई तिथं तुम्हाला भेटायला आलो होतो, पायी, भाऊ आईच्या कडेवर. तुम्ही आम्हाला आत घेतलंत, चुलीजवळ पाट मांडलेत, पिठलं-भात केलात आणि आग्रह करून वाढलंत. आईला अवघडल्यासारखं होत होतं, ती पाटाच्या टोकावर बसली होती. "नीट बसा," तुम्ही म्हणालात, मोऱ्याच्या धक्क्यावर बोलला होतात तशाच आवाजात, आणि दोघी हसलात. तुम्ही मात्र जेवायला बसला नाहीत. एकादशी आहे म्हणालात. आमच्याकडे पंचांग नव्हतं, आणि घरी आल्यावर शेजारी विचारायला मी गेले नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात तुम्ही तापानं गेलात. आम्हाला कळलं तेव्हा सगळं आटोपलं होतं.

मी मोठी झाल्यावर तुमच्याविषयी पुष्कळ विचार केला आहे. तुम्ही फार धीट होता असं मी पूर्वी समजायची. आता शिकवता शिकवता कळतं की धीट माणसालाही काही पावलं टाकता येतात आणि काही येत नाहीत, आणि बाहेरून बघणाऱ्याला ती कुठं थांबली ते दिसत नाही. स्वतःच्या घरात कुणाला वाढणं तुम्हाला जमलं. पंगतीत बसणं जमलं की नाही, की खरंच उपास होता, हे तुमचं तुम्हालाच ठाऊक. तुम्हाला ज्यांनी वाढवलं, त्यांचाही हात तुमच्या ताटाला आडवा येत असेल. माझ्या अंगावरचा मासळीचा वास मी साबणानं घासायची तशी तुम्हीही काही घासत असाल, एकटीच.

काल गडावरून उतरल्यावर मी मुलींना करंज्यात नेलं. मामा अंगणातच बसतो आता, डोळ्यांत मोतीबिंदू झालाय. आजी नाही, आई नाही. त्याच्या सुनेनं मुलींना पाणी दिलं आणि कुणी घुटमळलं नाही. त्यांना त्यात घुटमळण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं. मामानं मला जवळ बसवून माझा हात चाचपला. बराच वेळ काहीबाही बोलला, डिझेलची होडी, धाकट्याची नोकरी. मग मधेच म्हणाला, "तुजी ती बाय. मी लय वाकरा बोललो तिला. कवापासून इचारीन म्हनतो. मी आत गेलो व्हतो ना. तिनं पानी पेला का गो आमच्याकरचा?"

आई शेवटपर्यंत म्हणायची, प्याली, मी बगितला. किराणावाल्यांची मुलगी मला मागं भेटली तेव्हा म्हणाली, छे, बाईंनी लोटा नुसता हातात धरला होता. मी मामाच्या त्या धुरकटलेल्या डोळ्यांकडे बघून म्हटलं, "प्याल्या ना मामा. आधी आईला दिलं, मग त्यांनी घेतलं." तो मान हलवत राहिला, आणि माझा हात त्यानं निघेपर्यंत सोडला नाही.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी पाहिलं नव्हतं, बाई. त्या वेळी मी आईकडे बघत होते.